माहुलचा नारळ आणि माझा तीन पानी अहवाल

घाटकोपर (पूर्व),
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. सौ. मथुरावहिनीस,

धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. गेल्या पावसाळ्यापासून माझे गुडघे वाकायचं नाव काढू देत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केलेला समज.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे दादाने गावाहून फोन करून कळवलं. मुलुंडची बातमी घाटकोपरला मालवणमार्गे आली, यावरून आपल्या दोघींचं सध्या कसं चाललंय ते कोणालाही कळेल. थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि नवा चष्मा मिळेपर्यंत महिनाभर अक्षराकडे बघायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. ते पाळ. उजवा डोळा आधीच अधू, आता डावा तरी सांभाळ. दादा भातकापणी उरकून तुळशीच्या लग्नापर्यंत येतो म्हणाला. तोवर घरात तुम्ही दोघी मायलेकीच. श्रुतिका ऑफिसातून रजा काढून तुझं सगळं करते आहे हेही कळलं. पोर गुणाची आहे. तुझ्यावर गेली आहे असं मी नेहमी म्हणते ते काही उगाच नाही (हट्टाच्या बाबतीत म्हणते, पण ते असो).

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. गणपतीत मी माहुलचं नुसतं नाव काढलं, तेव्हापासून तुला अकरा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. चोवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी अख्ख्या मुंबईची माणसं एकमेकांना जोडून दिली, आणि माझ्याच भावाच्या घरची रिंग मला ऐकत बसावं लागतं. म्हणून पत्र. पत्र अर्ध्यात ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण पुढे काय लिहिलंय ही टोचणी राहते, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुला माझा धंदा कधीच पटला नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा तू म्हणालीस, रत्ना, घरी बसून आगळ कर, कोकमं वाळव, लोक दारात येऊन घेऊन जातील. मी मात्र 'पारख चौकशी सेवा' अशी पाटी रंगवून घेतली. रहस्यकादंबऱ्या वाचून माझं डोकं फिरलंय असं तू सगळ्या नातेवाइकांत सांगितलंस, आणि ते शंभर टक्के खरं होतं. वाचनालयातलं एक कपाट मी संपवलं होतं. त्यातल्या डिटेक्टिव्ह बायका कशा, लांब कोट घालतात, नजर रोखतात आणि शेवटी सगळ्या संबंधित मंडळींना एका खोलीत बसवून गुन्हेगाराचं नाव घेतात. मी तुला हे एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर तू भाजी निवडता निवडता म्हणालीस की मुंबईत एवढ्या माणसांना बसवायला खोली आहे कोणाकडे. माझ्याकडे तर नव्हतीच. माझी खोली फरसाणच्या दुकानावर, जिन्यात समोर दाताचा दवाखाना. पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांना दाढ काढायची होती. एका बाईचा गाल इतका सुजलेला, की मी तिला पाणी दिलं, दार लावलं आणि हळूच नवऱ्याचं नाव विचारलं. तिने ते सांगितलं, वर तो किती चांगला आहे हेही सांगितलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. अर्ध्या तासाने डॉक्टर तिला शोधत आला.

पण हळूहळू जम बसला. लग्नाआधीची चौकशी हे माझं मुख्य काम. मुलगा सांगतो त्या नोकरीत खरंच आहे का, संध्याकाळी कुठे बसतो, कोणाबरोबर बसतो. माझा एक नियम आहे, तीन तोंडांचा. एकमेकांशी देणंघेणं नसलेल्या तीन माणसांनी एकच गोष्ट सांगितली, तरच ती अहवालात घालायची. दोन तोंडं म्हणजे गप्पा, तीन म्हणजे माहिती. अकरा वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. ही त्या एकदाचीच हकिगत आहे, आणि ती तुला अर्धीच माहीत आहे. (उरलेली आता लिहिते. हे तुझ्या-माझ्यातच.)

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं झाली आणि माहुलहून कृणालच्या घरची मंडळी तुमच्याकडे बोलणीला आली. श्रुतिकाच्या पवईच्या ऑफिसातला मुलगा, शिकलेला, बोलायला नरम. बाप लहू अजून स्वतःची होडी राखून असलेला, आई जयंती चेंबूरच्या बाजारात मासळी विकणारी. त्यांनी देवापुढचा नारळ दादाच्या हातात ठेवला, दादाने तो कपाळाला लावून घेतला, म्हणजे आपल्याकडून शब्द गेला. तू कांदेपोहे दिलेस, चहा दिलास, हसलीसही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसचे जिने चढून आलीस, अकरा वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत बसलीस, पदराने घाम पुसलास आणि म्हणालीस, "माका काय वाटता ता सोड, तू फक्त बघून ये गो." तुला काय वाटतं ते तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. कोळ्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही हे शब्द आपल्या दोघींपैकी एकीनेही उच्चारले नाहीत. तू एवढंच म्हणालीस, की त्या मंडळींच्या कपड्यांना वास येतो. वहिनी, तुझ्याकडे सुका बांगडा भाजला की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. ते न म्हणता मी केस घेतली.

माहुलला मी नऊ संध्याकाळी गेले. कोणत्या वेषात जावं यावर बराच विचार केला, कारण रिफायनरीच्या पलीकडे खाडीच्या काठाला वसलेलं ते गाव, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, परक्या बाईला उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं. डिसेंबर होता, खाडीत फ्लेमिंगो उतरले होते, म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवली आणि पक्षी बघणारी बाई झाले. आयडिया झकास होती. फक्त खरोखर पक्षी बघणारी माणसंही तिथे येतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी निवृत्त मंडळींचा एक ग्रुप येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. त्यांचे पुढारी चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ, अंगात सतरा खिशांचं जाकीट. त्यांनी विचारलं, मॅडम, आजचा आकडा किती? माझी दुर्बीण कृणालच्या घराच्या दारावर होती. मी म्हटलं, चारशे बारा. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशीही चारशे बारा म्हटलं तर संशय येईल म्हणून मी तीनशे नव्वद सांगितले, तर बिचारे काळजीत पडले, की बावीस पक्षी एका रात्रीत गेले कुठे. पुढे पुढे ते मला गुरू मानायला लागले. मोठा फ्लेमिंगो आणि छोटा फ्लेमिंगो कसा ओळखायचा, हे त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, मोठा तो मोठा असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकाने लिहून घेतलं.

मधल्या मधल्या वेळात मी माझं कामही करत होते. कृणाल दर मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसातून घरी येई, पाच मिनिटांत एक पिशवी घेऊन बाहेर पडे आणि गल्लीच्या टोकाच्या घरात जाई. त्या घरात एक तरुण बाई, तिची चारेक वर्षांची लेक आणि एक म्हातारी. तो ओट्यावर बूट काढी, पिशवी न विचारता आतल्या खुंटीला अडकवी, पोरीला खांद्यावर घेई, दहा मिनिटं थांबे आणि परत जाई. म्हातारी त्या वेळी ओट्यावर सुकट निवडत बसलेली असे. धक्क्यावर उभी असले की मला रोज त्या ओट्यावरून चहा येई, आलं घातलेला. तो मी रोज पीत असे. (माझ्या पेशात ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नसतं, असा आणखी एक नियम मीच केलेला होता.)

सहाव्या संध्याकाळी त्या बाईने पिशवी ओट्यावरच उघडली. आत तळहाताएवढी दोन ताजी पापलेटं. मी तशीच वळून कृणालच्या दाराकडे दुर्बीण फिरवली, तर तिथे जयंती पायरीवर बसून मांदेली साफ करत होती. वहिनी, आपण मालवणी माणसं. माणूस चांगली तुकडी कोणाच्या ताटात टाकतो यावरून त्याचा जीव कुठे आहे ते ओळखावं, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही कळतं. पापलेट तिकडे आणि मांदेली घरी! दुसऱ्या कुठल्याही गावची डिटेक्टिव्ह असती तर तिला यात काही दिसलं नसतं. मला सगळं दिसलं. तरी नियमाप्रमाणे विचारपूस केली. पानवाला म्हणाला, येतो की तो नेमाने. नाक्यावरचा रिक्षावालाही तेच म्हणाला. मग तिसरं तोंड म्हणून मी त्या म्हातारीजवळ जाऊन बसले. तिने माझ्यासाठी पाट सरकवला. मी आडून आडून कृणालचा विषय काढला. ती सुकटीतून बोटं फिरवत म्हणाली, "त्याचा काय हाय, आमचा बाळा होता ना..." आणि तेवढ्यात धक्क्यावरून चंद्रप्रकाश ओरडले, की मॅडम, थवा उठला. मी उठून धावले. जो पक्षीप्रेमी थवा उठल्यावर बसून राहतो, तो संशयास्पद दिसतो. परत आले तेव्हा म्हातारी दिवा लावायला आत गेली होती.

अहवालात मी लिहिलं, 'सदर मुलाचे एका स्त्रीच्या घरी नियमित जाणे-येणे असून संबंध कौटुंबिक स्वरूपाचे वाटतात.' कौटुंबिक या शब्दाचा मला फार अभिमान वाटला होता. तीन पानं, स्पायरल बाइंडिंग, सोबत एक फोटो. फोटो दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेला. त्यात कृणालची पाठ, पिशवी आणि कोपऱ्यात एका फ्लेमिंगोचा पाय. तो पाय बघून तू विचारलंस की ही काठी कसली, आणि मग बाकी काहीच विचारलं नाहीस. तुला जे हवं होतं ते मिळालं होतं. संक्रांतीच्या आधी नारळ परत गेला. दादाला न्यायची लाज वाटली म्हणून तो ओळखीच्या रिक्षावाल्याच्या हाती गेला. कारण कोणालाच सांगायचं नाही असं तू ठरवलंस. श्रुतिकाला म्हणालीस, बाहेरच्या माणसाकडून खात्रीची माहिती मिळाली आहे, एवढं पुरे. ती रडली, भांडली, दादाचं ब्लडप्रेशर वाढलं, मग तीच गप्प झाली. तिकडे जयंतीने लेकाला सांगितलं, ज्या घराने देवाचा नारळ रिक्षाने परत पाठवला तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही, आणि तो आईचा शब्द मोडणारा मुलगा नाही. तू मला देव्हाऱ्यापुढे उभं केलंस, रवळनाथाच्या टाकावर माझा हात ठेवलास आणि श्रुतिकाला यातलं अक्षर सांगणार नाही अशी शपथ घातलीस. मी ती घेतली. मग आपण तिघींनी तिळगूळ खाल्ला.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. गणपतीच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, श्रुतिका माझ्या ऑफिसात आली. मला वाटलं दाढ दुखतेय. तिने समोरची खुर्ची ओढली, पक्षकारांचा फॉर्म मागितला आणि स्वतः भरला. चौकशीचा विषय, 'माझं लग्न कोणी मोडलं.' संशय कोणावर या रकान्यात तिने लिहिलं, 'माहीत नाही. पण आईच्या जवळचं कोणीतरी.' तिच्या जवळचं म्हणजे समोर बसलेली मी, हे तिच्या मनातही आलं नाही. फॉर्म माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "आत्या, मला भांडायचं नाहीये गं. फक्त एकदा त्या माणसाचा चेहरा बघायचाय. बाकी काही नको." मी काय करायला हवं होतं ते तू सांग. रवळनाथ आठवला, तू आठवलीस. मी फॉर्म घेतला, त्यावर केस क्रमांक घातला आणि म्हटलं, बघते. मग तिने खालून शेव आणली, आम्ही ती खाल्ली, आणि जाता जाता माझ्या मोबाइलवरची अक्षरं मोठी करून दिली, कारण मी डोळे बारीक करून बघते हे तिच्या लक्षात आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळशाकडेच केस आली होती, आणि कळसा म्हणाला, बघते.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. (म्हणजे येते, पण पहाटे चारला उठवून बसवते.) वाटलं, निदान ते तिसरं तोंड तरी आता गाठू. नऊ महिने उशीर झाला होता, पण चौकशीला मुदत नसते असं मीच पक्षकारांना सांगते. दुर्बीण घरी ठेवून माहुलला गेले. गल्लीत शिरते तोच पानवाल्याने विचारलं, बाई, आज दुर्बीण कुठाय? त्यांना मी दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होते. दुर्बीण पाण्याकडे नसून घरांकडे आहे हे साऱ्या गावाने पाहिलं होतं. त्यांना वाटलं, जुन्या घरांची मोजणी करायला महापालिकेने बाई पाठवली आहे, तिने चांगलं लिहावं म्हणून चहा यायचा. आणि म्हातारी? ती श्रावणात गेली. टोकाच्या घरात तिच्या फोटोला हार होता आणि शेजारी दुसरा फोटो, तिच्या मुलाचा, तिचा 'बाळा' तो हाच. त्याला जाऊन पाच वर्षं झाली. ती तरुण बाई हेमांगी, बाळाची बायको.

उरलेलं वाक्य मला हेमांगीने सांगितलं. बाळा आणि लहू एकाच होडीवरचे भागीदार. बाळा खाडीत गेला त्या दिवसापासून लहूच्या घरची रीत अशी, की होडी किनाऱ्याला लागली की पाटी बाजारात जाण्याआधी वरची सगळ्यात चांगली मासळी बाळाचा वाटा म्हणून काढून ठेवायची. मग विकायची ती विकायची, आणि उरलंसुरलं घरी शिजवायचं. लहूचे गुडघे गेले, म्हणून तो वाटा पोचवायला कृणाल येतो. हेमांगी दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते, म्हणून संध्याकाळी येतो. एवढंच. वहिनी, पितृपक्षात आपण जेवायच्या आधी गेलेल्यांचं पान वाढून बाजूला काढतो, त्यात सगळ्यात चांगलं वाढतो, आणि ते पान उचलल्याशिवाय कोणी घास घेत नाही. आपण ते वर्षातून एकदा करतो. ते लोक आठवड्यातून दोनदा करतात, आणि मी त्याला कौटुंबिक स्वरूपाचे संबंध असं नाव दिलं. मालवणी म्हणून मासळी वाचायला गेले, आणि मालवणी असूनच ती मला वाचता आली नाही. ज्या म्हातारीने मला पाट दिला, चहा दिला, तिच्या सुनेवर मी तीन पानं लिहिली. मी हेमांगीला हे सगळं सांगितलं. ती लेकीचे केस विंचरत होती, ते विंचरत राहिली, आणि मी उठले तेव्हा म्हणाली, "चहा राहिला." त्या चहाला बसायची मला हिंमत झाली नाही.

तिथून जयंतीकडे गेले. ती पायरीवर कोलंबी सोलत होती. मी उभ्या उभ्याच कोण, काय, सगळं बोलून टाकलं. तिने शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग हात धुतले, आत गेली आणि नारळ घेऊन आली. तोच, शेंडीला अजून कुंकू. माझ्या कानाशी धरून हलवला, तर आत खोबऱ्याचा गोटा वाजला. म्हणाली, "आमी फोडला नाय. देवाचा म्हणून दिलेला, देवाजवल ठेवला. कुजला पण नाय बघ." मी तो मागायला हात पुढे केला, तर तिने मागे घेतला. ज्यांनी परत धाडला त्यांनीच मागायला यावं, मधल्या माणसांचं तिला पुरे झालंय. आणि मुद्दाम सांगितलं असं न दाखवता सांगितलं, की तुळशीचं लग्न झालं की उरणच्या मुलीकडची माणसं यायची आहेत. कृणाल आतच होता. बाहेर आला नाही.

म्हणून हे पत्र. मला फार वाईट वाटतं, वहिनी. माझ्यावर लोकांनी विश्वास ठेवला म्हणून मी धंद्यात टिकले, आणि ज्या पोरीने सगळ्यात जास्त ठेवला तिच्याच बाबतीत मी घाई केली. आणि तुझ्यावर सगळं ढकलायलाही मी हे लिहीत नाही. तू फक्त बघून ये म्हणालीस. न बघता आले ती मी. तुला नको असलेलं स्थळ मोडून दिलं तर रविवारी तुझ्याकडे जेवताना माझा पाट आणखी जवळ येईल, असं मला कुठेतरी वाटत होतं. एकट्या बाईला रविवारचं जेवण म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही, आणि कळू नये. डोळ्याला जप. आगळाची बाटली पाठवते आहे, सोलकढी आंबट झाली तर नारळ वाढव. दादाला भात ओला भरू नको म्हणावं.

तुझी नणंद,
रत्नप्रभा

ता. क. खरं काम राहिलंच. ज्याने शपथ घातली त्यानेच ती सोडवायची असते. 'शपथ सुटली' एवढे दोन शब्द तू मोठ्याने म्हण, म्हणजे मी श्रुतिकाला सगळं सांगायला मोकळी. फोन उचलायची गरज नाही, देव्हाऱ्यापुढे म्हटलंस तरी चालेल.

ता. क. २. दादा आला की दोघं माहुलला जा आणि नारळ मागा. तुळशीच्या लग्नाच्या आधी. उपयोग होईलच असं नाही. जयंतीच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही, आणि माझ्या ओळखण्याचा भरवसा आता मलाही नाही. पण जा. वास आला तर तो रिफायनरीचा असतो. आणि हेमांगीने चहा दिला तर घे, माझ्या वाटणीचा राहिलाय.

ता. क. ३. मोडलेला नियम मी वर घाईत लिहिला, तो पूर्ण लिहिते. थवा उठला म्हणून मी धावले हे खरं. पण दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा ओट्यावर बसली होती, मला बघून तिने पाटही सरकवला. मी गेले नाही. ती काय सांगेल याची मला भीती वाटली, कारण अहवाल आदल्या रात्री टाइप करून झाला होता.

ता. क. ४. वहिनी, तुझ्या डोळ्यांना महिनाभर अक्षर बघायची बंदी आहे, दादा गावी आहे, आणि मी पत्र मुद्दाम याच आठवड्यात टाकलं. तेव्हा हे तू वाचत नाहीयेस हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. मध्ये तू "पुरे, ठेव ते" म्हणाली असशील. वाचणारी थांबली नसेल. तुझ्या-माझ्यातच असं लिहिलं ते खोटं होतं, आणि शपथही मोडली. त्याचं काय व्हायचं ते रवळनाथ माझ्याबाबतीत करील, पुढच्या खेपेला गावी जाऊन मी त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालीन. तरी तू 'सुटली' म्हण. आणि सगळ्यांना बसवायला खोली नाही असं तू म्हणाली होतीस ना, तर एवढी मोठी खोली लागतच नाही. दोघी पुरतात.

श्रुतिका, तुझ्या केसचा अहवाल हा असा आहे. यात तिसरं तोंड नाही, ते मी गमावलं. तुला तो चेहरा बघायचा होता. शनिवारी दुपारी मी ऑफिसात आहे, दार उघडं ठेवते. नाही आलीस तरी मी समजेन. पण ते नंतर. आधी आईच्या डोळ्यात थेंब घाल. रडली असेल तर परत घाल.